ऑलिव्हर मोवॅट आणि प्रांतिक अधिकारांचा वाद : एक पुनर्विचार

संघराज्यपद्धतीच्या अभ्यासात कॅनडाचा विषय निघाला की आपल्या विद्यार्थ्यांना प्रथम आठवतो तो के. सी. व्हीअर यांचा अभिप्राय. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी कॅनडाची घटना कायद्याच्या दृष्टीने अर्धसंघात्मक, परंतु प्रत्यक्ष व्यवहारात मुख्यतः संघात्मक असल्याचे म्हटले आहे. उत्तरपत्रिकांतून या अभिप्रायाचा पूर्वार्ध न चुकता येतो. उत्तरार्ध बहुधा गळतो. वस्तुतः विचार करण्याजोगा आहे तो उत्तरार्धच. १८६७ च्या ज्या कायद्याने प्रांतांचे कायदे नामंजूर करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारला दिला, प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर नेमण्याचे काम त्याच्याकडेच सोपविले आणि शेषाधिकारही त्याच्याच हाती ठेवले, त्याच कायद्याखाली प्रांत एवढे प्रबळ कसे झाले? या प्रश्नाची उत्तरे अनेक असली तरी त्यांपैकी बहुतेकांत एक नाव येते. ते म्हणजे १८७२ पासून १८९६ पर्यंत सलग चोवीस वर्षे ऑन्टॅरिओ प्रांताचा मुख्य मंत्री असलेला वकील, ऑलिव्हर मोवॅट.

मोवॅटच्या वाट्याला चरित्रकारांकडून आलेली वागणूक काहीशी चमत्कारिक आहे. त्याचे द्विखंडात्मक चरित्र १९०५ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, त्याचा जावई बिगर याने लिहिले. जावयाने लिहिलेल्या चरित्रात जे असावयाचे ते त्यात आहे. त्यानंतर मार्गारेट एव्हन्स यांचा अभ्यासपूर्ण ग्रंथ येण्यास १९९२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात डोनल्ड क्रेटन यांनी मॅक्डोनल्डचे जे भव्य चरित्र १९५२ व १९५५ साली दोन खंडांत प्रसिद्ध केले, त्याच्या छायेत मोवॅटची प्रतिमा घडली. राष्ट्रनिर्मात्याच्या मार्गात पदोपदी खोडे घालणारा एक चिवट प्रांतिक वकील, ही ती प्रतिमा होय. याच्या उलट बाजूस प्रांतिक स्वायत्ततेचे अभिमानी आहेत, आणि त्यांच्या लेखी तो कॅनडाच्या खऱ्या संघराज्याचा जनक ठरतो. या दोन मतांमध्ये निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. दोन्ही पक्ष मोवॅटला ओटावा आणि टोरांटो या दोनच पारड्यांत तोलतात, आणि त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत महत्त्वाचे दोन निवाडे त्या तराजूत मावत नाहीत, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. त्यांपैकी एकाचे मूळ आपल्या गारो आणि खासी डोंगरांत आहे.

मोवॅटचा जन्म २२ जुलै १८२० रोजी अप्पर कॅनडातील किंग्स्टन येथे झाला. वडील स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडील केथनेस परगण्यातून आलेले, नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधील युद्धात सैनिक म्हणून लढलेले आणि पुढे किंग्स्टनमध्ये व्यापारात स्थिरावलेले. गावातच, वयाने अवघ्या पाच वर्षांनी मोठ्या असलेल्या जॉन ए. मॅक्डोनल्ड नावाच्या तरुण वकिलाच्या कचेरीत तो उमेदवार म्हणून दाखल झाला. ही कचेरी कॅनडाच्या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे मध्यवर्ती सरकारचा न्यायमंत्री झालेला अलेक्झांडर कँबेल येथेच शिकला. मॅनिटोबाचा लेफ्टनंट गव्हर्नर झालेला अलेक्झांडर मॉरिस हाही येथलाच उमेदवार. एकाच टेबलावर दस्तऐवजांच्या नकला करणाऱ्यांनी पुढे एका देशाचे अधिकार आपसांत वाटून घेण्यासाठी एकमेकांशी पंचवीस वर्षे झगडावे, ही गोष्ट त्या समाजाचे आकारमान किती लहान होते हे सांगून जाते. मॉरिसचे नाव आपणांस पुढे पुन्हा भेटेल.

१८४१ मध्ये सनद मिळाल्यावर मोवॅटने टोरांटो येथे चॅन्सरी न्यायालयात वकिली केली. हा तपशील चरित्रकार एका ओळीत उरकतात. पण माझ्या मते त्याच्या पुढील राजकारणाची किल्ली तेथेच आहे. चॅन्सरीचा वकील विश्वस्तनिधी, गहाण, वारसा आणि मिळकतीच्या वाटण्या यांतच आयुष्य काढतो. एखाद्या मालमत्तेची कागदोपत्री मालकी कोणाची आणि तिचा प्रत्यक्ष लाभ घेण्याचा हक्क कोणाचा, हा भेद त्याच्या हाडीमाशी खिळलेला असतो. फौजदारी खटल्यांत जूरीपुढे गर्जना करणाऱ्या वकिलाची घडण वेगळी. मोवॅट वक्ता म्हणून सामान्य होता, दिसावयास ठेंगणा, चष्मा लावणारा, सौम्य बोलणारा. सभागृहात टाळ्या घेणे हे त्याचे काम नव्हे. दस्तातील एका शब्दावरून मिळकत सोडविणे हे मात्र त्याला उत्तम साधे.

१८५७ साली तो संयुक्त कॅनडा प्रांताच्या विधिमंडळात निवडून आला आणि जॉर्ज ब्राउनच्या सुधारक पक्षात काम करू लागला. जुन्या गुरूशी त्याचे आता उघड वैर झाले. १८६१ मध्ये भर सभागृहात मॅक्डोनल्ड त्याच्या अंगावर धावून गेला होता, ही हकीकत सर्वपरिचित आहे. १८६४ च्या सर्वपक्षीय मंत्रिमंडळात मात्र दोघे शेजारी बसले आणि ऑक्टोबरमध्ये क्वेबेक परिषदेस दोघेही हजर राहिले. प्रांतांचे कायदे नामंजूर करण्याचा मध्यवर्ती अधिकार ज्या परिषदेने मान्य केला त्या परिषदेत मोवॅट होता, हे त्याच्या टीकाकारांनी वारंवार बोलून दाखविले आहे. याला त्याच्या भक्तांकडे समाधानकारक उत्तर नाही. परिषद आटोपून थोडे दिवस होतात न होतात तोच, नोव्हेंबर १८६४ मध्ये, त्याने व्हाइस-चॅन्सलरचे न्यायासन पत्करले. त्यामुळे १८६५ च्या प्रसिद्ध वादविवादात त्याचा आवाज ऐकू येत नाही. नव्या संघराज्याचा अर्थ त्याने त्या वेळी काय केला होता, हे त्याच्या तोंडून कळण्याची संधी इतिहासाने अशा रीतीने गमावली. आठ वर्षांनी तो न्यायासनावरून उतरला तो थेट ऑन्टॅरिओचा मुख्य मंत्री म्हणून. न्यायाधीशाने राजकारणात उतरावे काय, यावर त्या वेळी टीकेचे मोहोळ उठले. मोवॅटने ती शांतपणे ऐकून घेतली. मुख्य मंत्रिपदाबरोबर अ‍ॅटर्नी जनरलचे पद त्याने चोवीस वर्षे स्वतःकडेच ठेवले, हे अर्थपूर्ण आहे.

प्रांताच्या अंतर्गत कारभारात त्याने केलेल्या सुधारणा थोड्या नव्हत्या. गुप्त मतदान १८७४ मध्ये आले, कॉमन लॉ व इक्विटी यांची न्यायालये १८८१ मध्ये एकत्र झाली, १८८८ मध्ये प्रौढ पुरुषांना व्यापक मताधिकार मिळाला, आणि स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय खुला करणाऱ्या १८९२ च्या कायद्यास त्याने पाठिंबा दिला. मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीने आखणे आणि नोकऱ्या आपल्या माणसांना वाटणे, हेही त्याने तितक्याच सराईतपणे केले. या सर्वांचे सविस्तर विवेचन एव्हन्स यांच्या ग्रंथात आहे. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

आता मूळ वादाकडे वळू. मॅक्डोनल्डच्या दृष्टीने प्रांत म्हणजे थोड्या मोठ्या आकाराच्या नगरपालिका. मोवॅटने त्याला तत्त्वज्ञानाच्या पातळीवर क्वचितच उत्तर दिले. त्याने एकेक वस्तू उचलली आणि ती कोणाची, असा प्रश्न न्यायालयास विचारला. टोरांटोचा अँड्र्यू मर्सर १८७१ साली वारला. त्याचा कायदेशीर वारस सिद्ध झाला नाही. बेवारशी मिळकत राजसत्तेकडे जाते, हे सर्वमान्य होते. पण राजसत्ता म्हणजे ओटावा की टोरांटो? १८६७ च्या कायद्याच्या १०९ व्या कलमात जमिनी, खाणी, खनिजे आणि 'रॉयल्टीज' प्रांतांकडे राहतील असे म्हटले होते. या शेवटच्या शब्दात बेवारशी मिळकतीचा हक्क येतो, असे मोवॅटच्या बाजूने मांडण्यात आले. कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने ते अमान्य केले; १८८३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीने मान्य केले. एका माणसाच्या घरादाराचा प्रश्न. पण त्यातून निघालेला सिद्धान्त असा की प्रांताकडे राजसत्तेचा स्वतःचा अंश आहे, तो ओटावाकडून उसना घेतलेला नाही.

ऑन्टॅरिओतील मिसिसिपी नदीचा वाद याहून रंजक आहे. मॅक्लॅरेन नावाच्या लाकूडव्यापाऱ्याने नदीत बांध व घसरण्या बांधून ओंडके वाहून नेण्याची सोय केली होती. वरच्या अंगाच्या कॉल्डवेल नावाच्या व्यापाऱ्याला तो आपले ओंडके तेथून नेऊ देईना. मोबदला देऊन कोणालाही नदी वापरता येईल, असा कायदा मोवॅटने १८८१ मध्ये केला. मॅक्डोनल्डने तो नामंजूर केला. मोवॅटने तो पुन्हा केला, पुन्हा नामंजूर झाला. तिसऱ्यांदा केला, तिसऱ्यांदा नामंजूर झाला. १८८४ मध्ये चौथ्यांदा केलेला कायदा मात्र ओटावाने तसाच राहू दिला, कारण मध्यंतरी प्रिव्ही कौन्सिलने मूळ दाव्यात कॉल्डवेलच्या बाजूने निकाल दिला होता. मॅक्लॅरेन कॉन्झर्व्हेटिव्ह आणि कॉल्डवेल लिबरल होता, हे सांगितल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. येथे खाजगी मालकीचा कैवार मॅक्डोनल्डने घेतला आणि सार्वजनिक वहिवाटीचा मोवॅटने, ही गोष्टही मोवॅटला केवळ मालमत्तेचा वकील समजणाऱ्यांनी, म्हणजे काही अंशी प्रस्तुत लेखकानेही, ध्यानात ठेवली पाहिजे.

या मालिकेतील तिसरे प्रकरण मद्यविक्रीच्या परवान्यांचे. १८७६ च्या कायद्याने हे परवाने देण्याचे काम नगरपालिकांकडून काढून प्रांतिक सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे दिले गेले. खेडोपाडीच्या निवडणुकांत दारूच्या गुत्त्याचा मालक किती वजनदार असतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला या कायद्याचे राजकीय मोल वेगळे सांगावयास नको. मॅक्डोनल्डला ते ठाऊक होते. १८८२ च्या प्रचारात हा कायदा आपण हाणून पाडू अशी घोषणा त्याने केली. कायद्याची कसोटी लागली ती आर्चिबल्ड हॉज या टोरांटोच्या खानावळवाल्याच्या खटल्यात. परवाना-आयुक्तांनी केलेल्या नियमाप्रमाणे, शनिवारी संध्याकाळनंतर ज्या वेळी दारूविक्री बंद असे त्या वेळी बिलियर्डचे टेबलही बंद ठेवावे लागे. हॉजने ते चालू ठेवले आणि त्याला दंड झाला. त्याच्या वकिलांचा एक आक्षेप असा की ऑन्टॅरिओचे विधिमंडळ हे स्वतःच ब्रिटिश पार्लमेंटचे मुखत्यार. मुखत्याराला आपला अधिकार तिसऱ्याच्या, म्हणजे या आयुक्तांच्या, हाती देता येत नाही.

डिसेंबर १८८३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हा आक्षेप फेटाळला. प्रांतिक विधिमंडळ कोणाचेही मुखत्यार नाही. त्याला नेमून दिलेल्या विषयांच्या मर्यादेत त्याची सत्ता पार्लमेंटच्या सत्तेइतकीच परिपूर्ण आहे, असा तो निर्णय होता. प्रांतिक अधिकारांच्या इतिहासात याहून मोठा निर्णय नाही. आणि या निर्णयाला आधार म्हणून जो पूर्वीचा निवाडा घेतला गेला तो आपल्या प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या परिचयाचा आहे : राणी विरुद्ध बुरा, १८७८.

बुराचा निवाडा आपण प्रदत्त विधिनियमनाच्या प्रकरणात शिकतो. १९५१ मधील दिल्ली कायद्यांसंबंधीच्या अभिमतात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची कसून चिकित्सा केली, म्हणून तो आपल्या पाठ्यक्रमात स्थिर झाला आहे. पण त्यातील मूळ घटना सहसा कोणी वाचत नाही. गव्हर्नर जनरलच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये एक कायदा करून गारो डोंगरांचा मुलूख नेहमीच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रातून काढून घेतला, आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरला तोच कायदा खासी व जैंतिया डोंगरांना लागू करण्याची मुभा दिली. १८७१ मध्ये त्याने तसे केले. १८७६ मध्ये बुरा व बुक सिंग या दोघांना तेथील डेप्युटी कमिशनरने खुनाच्या आरोपावरून देहान्ताची शिक्षा दिली. ती पुढे जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. तुरुंगातून त्यांनी कलकत्ता हायकोर्टाकडे अपील केले. हायकोर्टाच्या बहुसंख्य न्यायाधीशांनी म्हटले की विधिमंडळ हे पार्लमेंटचे प्रतिनिधी असल्याने ही मुभा देणे त्याच्या अधिकाराबाहेरचे आहे. लॉर्ड सेलबोर्नने हा निर्णय फिरविला. भारतीय विधिमंडळ हे प्रतिनिधी वा मुखत्यार नाही, आपल्या मर्यादेत त्याची सत्ता परिपूर्ण आहे, असे त्याचे म्हणणे. याच लॉर्ड सेलबोर्नने पाच वर्षांनी मर्सरच्या मिळकतीचा निकाल ऑन्टॅरिओच्या बाजूने दिला.

या दोन निवाड्यांना शेजारी ठेवून पाहावे. कलकत्त्याचे मंडळ सरकारनियुक्त होते. त्यात गारो वा खासी लोकांचा कोणी प्रतिनिधी नव्हता. टोरांटोचे विधिमंडळ निवडलेले होते आणि जबाबदार राज्यपद्धतीचा चाळीस वर्षांचा अभिमान त्याच्या पाठीशी होता. प्रिव्ही कौन्सिलच्या दृष्टीने या मुद्द्यापुरता दोहोंत फरक नव्हता. सत्ता लोकांकडून आली म्हणून परिपूर्ण, असे हे तत्त्व म्हणतच नाही. पार्लमेंटने दिली म्हणून परिपूर्ण, एवढेच ते म्हणते. मोवॅट निवडणुकीच्या सभांत स्वशासनाची भाषा बोले, आणि ती खोटी होती असे मानण्याचे कारण नाही. पण न्यायालयात ज्या शस्त्राने तो जिंकला त्याला स्वशासन आणि परशासन यांतील भेद कळत नव्हता. ज्या तत्त्वाने टोरांटोच्या मतदारांचे विधिमंडळ ओटावाच्या वचकातून सुटले, त्याच तत्त्वाने शिलाँगच्या डोंगरातील दोन कैद्यांची हायकोर्टाची वाट बंद झाली होती. ज्यांना विधिमंडळात जागा आहे त्यांच्यासाठी परिपूर्ण सत्ता म्हणजे स्वातंत्र्य; ज्यांना नाही त्यांच्यासाठी तिचा अर्थ निराळा.

हा निव्वळ तर्काचा खेळ नव्हे, हे पाच वर्षांत मोवॅटच्याच एका विजयाने दिसून आले. ऑन्टॅरिओची वायव्य सीमा कोठवर, हा वाद संघराज्याच्या स्थापनेपासून चालू होता. १८७८ च्या लवादाने दिलेला निर्णय मॅक्डोनल्डने मानला नाही, उलट तो मुलूख मॅनिटोबास जोडला. १८८३ मध्ये रॅट पोर्टेज येथे दोन प्रांतांचे पोलीस एकमेकांना अटक करू लागले. १८८४ मध्ये मोवॅट स्वतः लंडनला जाऊन प्रिव्ही कौन्सिलपुढे उभा राहिला आणि सीमा जिंकून आला. टोरांटोत त्याची मिरवणूक निघाली. परंतु मॅक्डोनल्डच्या भात्यात आणखी एक बाण होता. सीमा ऑन्टॅरिओची असेल; तिच्या आतली जमीन आणि इमारती लाकूड आमचे, कारण ते आम्ही मूळ रहिवाशांकडून तहाने घेतले आहे.

हा तह म्हणजे ३ ऑक्टोबर १८७३ रोजी लेक ऑफ द वुड्सच्या काठी झालेला तिसरा तह. तो ओजिब्वे लोकांशी करणारा राणीचा कमिशनर होता अलेक्झांडर मॉरिस, किंग्स्टनच्या कचेरीतील तोच उमेदवार. सुमारे ५५,००० चौरस मैलांचा मुलूख या तहाने सोडण्यात आला. मोबदला म्हणून प्रत्येक व्यक्तीस सालीना पाच डॉलर, राखीव जमिनी, आणि शिकार व मासेमारी चालू ठेवण्याचा हक्क. या तहाच्या आधारावर ओटावाने सेंट कॅथरिन्स मिलिंग नावाच्या कंपनीस लाकूडतोडीचा परवाना दिला आणि ऑन्टॅरिओने कंपनीवर दावा लावला.

खटल्यातील बाजूंची उलटापालट पाहण्यासारखी आहे. मूळ रहिवाशांचा जमिनीवर खरा हक्क होता, असे मॅक्डोनल्डच्या सरकारचे वकील सांगू लागले, कारण तो हक्क आपण विकत घेतला असे त्यांना दाखवावयाचे होते. आणि उदारमतवादी मोवॅटच्या बाजूने मांडले गेले की असा मालकी हक्क कधी नव्हताच. १८८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे मोवॅट आणि एडवर्ड ब्लेक हे दोघे ऑन्टॅरिओतर्फे उभे राहिले. लॉर्ड वॉटसनने निकाल दिला तो असा की मूळ रहिवाशांचा हक्क केवळ वैयक्तिक व उपभोगापुरता, तोही राजाच्या मर्जीवर अवलंबून. तो सुटला की जमिनीचा लाभ १०९ व्या कलमाने प्रांताकडे जातो. कागदोपत्री मालकी आणि लाभाचा हक्क यांतील भेद येथे पुन्हा भेटतो. चॅन्सरीच्या वकिलाचे हे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल. ज्यांच्या जमिनीबद्दल चार न्यायालयांत वाद झाला ते ओजिब्वे त्यांपैकी एकाही न्यायालयात पक्षकार नव्हते.

याबद्दल मोवॅटला दोष देताना तारतम्य ठेवले पाहिजे. ओटावाने खटला जिंकला असता तर ओजिब्वे लोकांचे भले झाले असते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. १८७६ च्या इंडियन कायद्याने त्यांना पाल्याच्या पातळीवर आणणारे सरकार तेच होते, आणि त्यांचा हक्क त्याने उचलून धरला तो विकत घेतलेल्या मालाची पावती म्हणून. मोवॅट आपल्या अशिलाची, म्हणजे प्रांताची, बाजू मांडीत होता, असेही म्हणता येईल. परंतु हा बचाव जितका बळकट तितका तो प्रांतिक अधिकारांच्या तत्त्वासच अडचणीचा. 'प्रांत' या शब्दाने ज्यांचा बोध होत होता त्यांत त्या मुलुखातले मूळ रहिवासी धरलेले नव्हते. इंडियन म्हणून असलेले आपले कायदेशीर स्थान न सोडता ऑन्टॅरिओच्या विधिमंडळासाठी मत देण्याचा हक्क त्यांना १९५४ साली मिळाला.

समीक्षकांच्या वादाकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले म्हणजे त्याची मर्यादा दिसते. मंदीच्या काळात प्रिव्ही कौन्सिलने १९३७ साली मध्यवर्ती सरकारचे समाजहिताचे कायदे अवैध ठरविले. तेव्हा एका पिढीतील विद्वानांनी सगळा दोष लॉर्ड वॉटसन व त्याच्या वारसांवर टाकला. १९३९ मध्ये सेनेटसाठी ओकॉनरने तयार केलेल्या अहवालात घटनेच्या शब्दांची न्यायाधीशांनी मोडतोड केली असे दाखविले गेले. १९७१ मध्ये अ‍ॅलन केर्न्स यांनी या टीकाकारांचीच झडती घेतली आणि असे प्रतिपादिले की विविध समाजांनी बनलेल्या कॅनडाला विकेंद्रित संघराज्यच मानवणारे होते. न्यायसमितीने त्या वास्तवाला वाट करून दिली. रॉबर्ट व्हिपंड यांनी १९९१ च्या ग्रंथात प्रांतिक अधिकारांच्या चळवळीमागे स्वातंत्र्याची एक सुसंगत विचारसरणी होती हे दाखविले. केर्न्स यांचा युक्तिवाद मला या सर्वांत अधिक पटतो. पण त्यांच्या 'विविध समाज' या कल्पनेतही प्रामुख्याने येतात ते प्रांत. मूळ रहिवाशांच्या हक्कांवर लिहिणारे कायदेपंडित सेंट कॅथरिन्सच्या खटल्यापासून सुरुवात करतात. संघराज्यावर लिहिणारे हॉजपाशी थांबतात. दोन्ही खटले एकाच माणसाच्या एकाच मोहिमेतले, पाच वर्षांच्या अंतराने जिंकलेले, आणि तरीही ते बहुधा दोन वेगवेगळ्या पुस्तकांत वाचावयास मिळतात.

आपल्याकडेही हीच विभागणी आहे. बुराचा निवाडा प्रशासकीय कायद्यात शिकविला जातो आणि आसामच्या डोंगरी मुलुखाचा इतिहास इतिहास विभागात. प्रिव्ही कौन्सिलकडील अपिले आपण १९४९ साली बंद केली. कॅनडानेही त्याच वर्षी. पण त्या न्यायसमितीने ज्या धाग्याने हे दोन देश एकमेकांस बांधले होते तो उकलून पाहण्याचे काम अजून कोणी मन लावून केलेले दिसत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एखाद्याने ते हाती घ्यावे.

मोवॅटच्या उरलेल्या आयुष्यात सांगण्याजोगे फारसे नाही. १८८७ मध्ये क्वेबेक येथे भरलेल्या पाच प्रांतांच्या परिषदेचा तो अध्यक्ष होता आणि नामंजुरीचा अधिकार ओटावाकडून काढून घ्यावा असा ठराव तेथे झाला; मॅक्डोनल्डने तिकडे लक्ष दिले नाही. १८९६ मध्ये तो लॉरिएच्या मंत्रिमंडळात न्यायमंत्री म्हणून ओटावास गेला. ज्या खुर्चीतून त्याचे कायदे नामंजूर होत आले होते तीत तो वर्षभर बसला. नंतर प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर होऊन टोरांटोस परतला आणि १९ एप्रिल १९०३ रोजी त्या पदावर असतानाच वारला.

सेंट कॅथरिन्सचा खटला मात्र त्याच्याबरोबर संपला नाही. जमिनीचा लाभ ऑन्टॅरिओस मिळाला, तेव्हा तहाप्रमाणे ओजिब्वे लोकांस द्यावयाच्या रकमांचा भारही ऑन्टॅरिओने उचलावा, अशी मागणी ओटावाने केली; १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती फेटाळली. मूळ रहिवाशांचा हक्क राजाच्या मर्जीतून नव्हे तर त्यांच्या पूर्वापार वहिवाटीतून येतो, हे कॅनडाच्या सुप्रीम कोर्टातील न्यायाधीशांनी १९७३ च्या काल्डर खटल्यात प्रथम स्पष्टपणे मांडले, आणि लॉर्ड वॉटसनचे शब्द तेथून मागे पडत गेले. तरीही २०१४ मध्ये तिसऱ्या तहाच्या मुलुखातील ग्रासी नॅरोज येथील लोकांनी प्रांताच्या लाकूडतोडीच्या परवान्यांस आव्हान दिले, तेव्हा त्याच न्यायालयाने निकाल दिला की तहातील जबाबदाऱ्या प्रांतावर बंधनकारक असल्या, तरी १०९ व्या कलमानुसार जमीन ऑन्टॅरिओची असल्यामुळे परवाने देण्याचा अधिकार त्याचाच आहे. त्यासाठी ओटावाच्या संमतीची गरज नाही.